भरारी पथकातले डोळे

मेथीच्या जुडीकडं बघता बघता साधनानं एक रडणारं पोर गप्प केलं, आणि ते तिला स्वतःला कळलंसुद्धा नाही. अमरावतीतल्या तिच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर सकाळची भाजीची गाडी लागली होती, गाडीभोवती नेहमीच्या चार बाया होत्या, आणि त्यातल्या एकीच्या कडेवरचं पोर बिस्किटासाठी असं भोकाड पसरून बसलं होतं की भाजीवाल्याला भाव दोनदा सांगावा लागत होता. साधना आपल्या मेथीत होती. जुडी एकच होती, तिला दोन दिसत होत्या, एकीवर एक सरकलेल्या. त्यातली खरी कुठली याचा अंदाज घेत ती उभी होती, आणि एकदम सगळं शांत झालं. पोरानं आईच्या मानेत तोंड खुपसलं होतं. त्याच्या पाठीवर थोपटत आई म्हणाली, "पाह्य, झाला का नाई गप? मॅडमनं डोये वटारले बरोबर!" बाया हसल्या. साधनाही हसली, कारण हसण्यावारी नेण्यातच शहाणपण होतं. पण पिशवी घेऊन घराकडं वळल्यावर तिच्या एक गोष्ट लक्षात आली. ती त्या पोराकडं बघतच नव्हती. तिथं पोर आहे हेसुद्धा तिला रडणं थांबल्यावर कळलं होतं. मग त्याच्याकडं बघितलं कोणी?

असल्या प्रश्नांना एरवी ती दारात उभं करत नसे. तिची आई भागीरथा म्हणायची, खाजवून खरूज काढू नये. पण आज दहावीच्या भूमितीचा पेपर होता, थोड्या वेळात भरारी पथकाची गाडी तिला न्यायला येणार होती, आणि अशा दिवशी आपल्या डोळ्यांबद्दल शंका येणं म्हणजे निघताना चप्पल तुटण्यासारखं झालं. तिनं डोळ्यांत थेंब घातले. आरशात बघितलं. आरशात नेहमीच्या त्याच दोघी होत्या, खांद्याला खांदा भिडवून उभ्या, दोघींचे डोळे टपोरे, बुबुळाच्या वर पांढऱ्याची पट्टी दिसेल इतके उघडे. "काय गं, कोणाकडं बघत होतीस?" तिनं विचारलं. दोघी गप्प बसल्या. स्वयंपाकघरातून तिचा नवरा धर्मपाल म्हणाला, "मले काई म्हनलं का?" आणि ताबडतोब उठून बाहेर आला. पूर्वी हा माणूस तीनदा हाक मारल्याशिवाय हलत नसे.

पूर्वी म्हणजे फार पूर्वी नाही. पंचेचाळिशी उलटेपर्यंत साधना तायडेला कोणी भ्यालं नव्हतं. भ्यावं असं त्या चेहऱ्यात काही नव्हतंच. गोल, गव्हाळ चेहरा, पापण्या कायम अर्ध्यावर, आणि समोरच्यानं आवाज चढवला की त्या आपोआप खाली. शाळेत ती गणित शिकवायची, चांगलं शिकवायची, पण तिच्या तासाला मागच्या बाकांवर चिवडा फिरायचा. फळ्याकडं वळली की पाठीमागं बाजार भरायचा. "पोट्टेहो, शांत बसा ना रे," ती म्हणायची, आणि त्या 'ना रे'मध्येच सगळा मामला हातातून जायचा. कोणाला अर्ध्या दिवसाची रजा हवी असली की त्याचा तास तायडे मॅडमच्या गळ्यात. गरीब गाय, म्हणायचे तिला, आणि हे तिच्यासमोर म्हणायचे, जणू शाबासकीच देत आहेत. धर्मपाल पाटबंधारे खात्यात. माणूस सोन्यासारखा, पण एकदा पेपरात तोंड घातलं की बायकोचा आवाज आणि पंख्याचा आवाज त्याला सारखाच. या सगळ्याचं साधनाला वाईट वाटत नव्हतं असं नाही. वाटायचं, फार वाटायचं. पण ते सांगायलाही कोणाच्या तरी डोळ्यांत बघावं लागतं.

बाबांनी आयुष्यभर तेवढंच मागितलं होतं. आपल्या बापाच्या खांद्यावर बसून ते छप्पन साली नागपूरला गेले होते. त्या गर्दीतलं त्यांना फारसं आठवत नसे, पण परतीच्या वाटेवर बापानं सांगितलेलं एक वाक्य त्यांनी जपलं आणि दोन्ही लेकींच्या पानात रोज वाढलं: आता कोनापुढं नजर खाली घालाची नाई. धाकटी माया ते जेवणाबरोबरच पचवून मोकळी झाली. शाळेत असतानाच ती मोठ्या मोठ्या माणसांना तोंडावर सांगायची, "काका, तुमचं चुकलं." साधनाला मात्र जमलं नाही ते नाहीच. पाहुण्यांपुढं, मुख्याध्यापकांपुढं, अगदी दुकानदारापुढंसुद्धा तिची नजर घसरून चपलेवर जायची. बाबा रागावत नसत. नुसते बघत, आणि त्या बघण्यानं ती आणखी खाली बघे. शेवटच्या दुखण्यात ते अकोल्याला मायाकडं होते. त्यांच्या उशाशी बसून ती चादरीवरचं फूल बघत होती, आणि बाबा तिच्याकडं बघत गेले. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. डोळे मिटायचं काम मायानं केलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात हे दुखणं आलं. चोरपावलांनी आलं. डिसेंबरात धर्मपाल गोधडीत गुरफटलेला आणि ही पंखा लावून बसलेली. खडू धरला की हात थरथरायचा, छातीत धडधडायचं, चार घास जास्त खाऊनही ब्लाउज ढिले व्हायला लागले. शेजारच्या बाया विचारायच्या, "मॅडम, काय खाता तुमी आजकाल?" वयाचं असेल, म्हणून तिनं सोडून दिलं. मग एका रविवारी विहारात वंदनेला बसली असताना सगळ्यांनी डोळे मिटले, हिनंही मिटले, आणि तरी समोरच्या मेणबत्तीचा उजेड पापण्यांखालून आत येत राहिला. पापण्या पुऱ्या टेकतच नव्हत्या. त्याच आठवड्यात बडनेऱ्याहून गाडी पकडून ती अकोल्याला मायाकडं गेली. मायानं दार उघडलं, आणि पिशवी हातात घ्यायच्या आधी म्हणाली, "ताई, माह्यावर काहून चिडून राहिली तू? मी काय केलं?"

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या गळ्यावर बोटं ठेवून गिळायला सांगितलं, रक्त तपासलं, आणि कागदावर एक चित्र काढून दाखवलं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे. शरीराची स्वतःची पहारेकरी फौज चुकून आपल्याच घरावर चालून आली आहे, आणि तिनं गळ्याबरोबर डोळ्यांमागचा भागही धरला आहे. डोळ्याची खोबण हाडाची. आतले स्नायू आणि चरबी सुजली तर हाड काही सैल होत नाही, मग डोळाच पुढं येतो, पापणी वर ओढली जाते, आणि एखादा डोळा भलतीकडंच वळतो. "तुम्ही कोणाकडं रागानं बघत नाही, पण लोकांना तसं वाटणार," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "सिगारेट ओढता?" साधना लाजून लाल झाली. डॉक्टरीणबाईंना गंमत वाटली नाही. धुरानं हा डोळ्यांचा आजार फार चिघळतो, घरातल्या दुसऱ्याच्या धुरानंही, असं त्यांनी बजावलं. गोळ्या दिल्या, थेंब दिले, झोपताना पापण्यांवर चिकटपट्टी लावायला शिकवलं. रंग फिके वाटले तर त्याच दिवशी या, म्हणाल्या. आजार काही काळ पेटता राहील, मग विझेल. तो विझून काही महिने स्थिर राहिला की ऑपरेशननं डोळ्यांचे स्नायू आणि पापण्या पुन्हा जागेवर आणता येतील. "एकाचे दोन दिसतात का?" "कधी कधी," साधना म्हणाली. तेव्हा ते खरं होतं.

गोळ्यांनी धडधड थांबली, हात थिरावले, वजन परत आलं. डोळे मात्र तसेच राहिले. आणि आता जे सांगायचं ते साधनानं स्वतःशीसुद्धा जरा हळूच कबूल केलं होतं: तिला मजा वाटायला लागली. वर्गात पाऊल टाकलं की वर्ग चिडीचूप. चिवड्याचा डबा कोणी न सांगता दप्तरात. "रजेवर जायचं होतं, पण राहू द्या, राहू द्या," असं म्हणत सहकारी मागच्या पावली परत. घरी तिनं एकदा धर्मपालला साधं म्हटलं, "सिगारेट डोळ्यांना वाईट असते म्हणतात," आणि वीस वर्षांची सवय त्या माणसानं महिन्याभरात सोडली. "तू अशी पाहाशीन तं कोन ओढीन बापा," तो म्हणाला. ही सगळी करामत पापण्यांच्या चार मिलिमीटरची होती. तिचा आवाज तोच, मनातला घाबरटपणा तोच, पण आता नजर खाली घालायची म्हटली तरी पापण्या खाली यायला तयार नव्हत्या. बाबा असते तर, तिच्या मनात यायचं, आणि ते वाक्य ती अर्धंच सोडायची.

मग शिक्षण विभागातून बोलावणं आलं. दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू झाल्या की कॉपी पकडायला भरारी पथकं केंद्राकेंद्रांवर अचानक धाड घालतात. अशा एका पथकात तायडे मॅडम हव्यात, असं विस्तार अधिकारी रामरावांनी स्वतः सुचवलं होतं. रामराव म्हणजे पहाडी आवाज, पांढऱ्या मिशा, आणि कॉपीचा मनस्वी तिटकारा. पहिल्याच दिवशी साधना वर्गाच्या दारात उभी राहिली, आणि झाडाखाली पाचोळा पडावा तशा बाकांखाली चिठ्ठ्या पडल्या. बाह्यांतून, मोज्यांतून, कंपासपेट्यांतून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते तिनं त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. रामराव तर फिदाच झाले. जिथं जातील तिथं सांगायला लागले, "आपल्या बाई नुसत्या उभ्या राह्यल्या तरी काम होते. बाईची नजर चुकत नाई."

पण ती नजर चुकत होती, रोज चुकत होती. कधी कधीचं आता कायमचं झालं होतं. दोन फळे, दोन दारं, दोन रामराव. सकाळी सर्वांत वाईट, दुपारी जरा बरं. एक डोळा झाकला की जग पुन्हा एक व्हायचं, पण भरारी पथकातली बाई एका डोळ्यावर हात ठेवून कशी फिरेल? म्हणून चारचौघांत ती दोन्ही डोळे उघडे ठेवून, मान ताठ करून, सावकाश चालायची, आणि लोकांना तो रुबाब वाटायचा. स्कूटी तिनं केव्हाच विकली होती. खरी गोष्ट फक्त मायाला ठाऊक होती. "ऑपरेशन करून घे नं ताई, डॉक्टर म्हन्ते आता विझला आजार," माया फोनवर भांडायची. "मार्च संपू दे," ही म्हणायची. मार्च संपल्यावर काय होणार हे तिला पक्कं माहीत होतं. पापण्या खाली येतील, गाय परत गोठ्यात जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायची घाई कोणाला असते?

गाडी आली. तिवशाच्या पुढं, रस्ता सोडून आत एका गावातलं केंद्र होतं. रामराव पुढं बसून भूमितीत कशी कॉपी होते हे सांगत होते, खिडकीतून कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या मागं पळत होत्या, दोन-दोन ओळींत, आणि साधनाच्या डोक्यात ते भाजीच्या गाडीवरचं पोर बसलं होतं. पोराला भीती वाटली, ठीक. पोराचं काही बिघडलं नाही. पण गेल्या दोन हंगामांत तिनं ज्यांच्याकडं बघितलं, म्हणजे ज्यांच्याकडं तिचे डोळे होते, त्यातल्या प्रत्येकाजवळ चिठ्ठी सापडलीच होती ना? सापडली होती. बहुतेकांच्या खिशात, हातात. एखाद्याच्या नुसती बाकाखाली. त्या एखाद्यापाशी तिचं मन अडखळलं, आणि तेवढ्यात रामराव म्हणाले, "उतरा मॅडम, आलं."

वर्गात उन्हाची तिरीप होती, पंखा खडखडत होता. ती दारात उभी राहिली. नेहमीसारखी सळसळ झाली, कागद पडल्याची, पाय सरकल्याची. फळ्यावर कोणीतरी पेपर संपायची वेळ आकड्यांत लिहिली होती, आणि ती दोन फळ्यांवर दिसत होती. उगाच चाळा म्हणून साधना ते दोन आकडे एकमेकांवर आणायचा प्रयत्न करू लागली. असं ती पुष्कळदा करायची. डोळ्यांच्या मागं ताण यायचा, आकडे जवळ यायचे, आणि टेकणार तोच निसटायचे. त्या खेळात ती किती वेळ उभी होती कोण जाणे. हुंदका ऐकू आला तेव्हा ती भानावर आली. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली होती. दोन वेण्या, दोन चेहरे, दोन्ही पांढरेफटक. आणि रामराव तिच्या पायाजवळून एक इवलीशी झेरॉक्सची घडी उचलत होते.

"सापडली!" रामराव गरजले. "नाव काय तुह्यं?"

"दामिनी. सर, मायी नाई ती. मायची शपथ, मायी नाई."

"मंग उभी काहून राह्यली तू?"

"मॅडम पाहून राहिल्या होत्या..." ती रडत म्हणाली, "मले भेव वाटला."

"भेव चोरालेच वाटते. बाई दारातून तुह्याकडं एकटक पाहून राहिल्या होत्या, मी सोता पाह्यलं. आता बाईचा जबाब, माही सही, झालं काम." त्यांनी तिची उत्तरपत्रिका ओढून घेतली. केंद्रसंचालक खुशालराव धावत आले. भला माणूस, पण पथकापुढं हात जोडून उभा. "साहेब, पोरगी हुशार आहे," एवढंच ते पुटपुटले. दामिनी आता रामरावांकडं बघतच नव्हती. तिनं साधनाच्या दिशेनं तोंड केलं, पण नजर वर करायची तिची हिंमत होईना. "मॅडम, घरी म्हन्ते पास झाली तं अमरावतीले शिकाले धाडू, नाई तं लगन. माह्यं वर्ष जाईन मॅडम. तुमी पाह्यलं ना? सांगा ना, मी काईच नाई केलं."

तुमी पाह्यलं ना. सगळा वर्ग साधनाकडं बघत होता. तिनं काही पाहिलं नव्हतं. चिठ्ठी पडताना नाही, मुलगी लिहिताना नाही. मुलगी आहे हेसुद्धा नाही. ती फळ्यावरचे आकडे जुळवत होती. गप्प राहिलं तर काय होईल? काहीच होणार नाही. रामराव लिहून घेतील, गाडी पुढच्या गावाला जाईल, बाईची नजर चुकत नाही हे वाक्य आणखी चार केंद्रांवर पोचेल. आणि बोललं तर? पथक गेलं. दिसत नसलेली बाई पकडायला पाठवली म्हणून शिक्षण विभागात हसतील. शाळेत विचारतील, मॅडम, तुम्ही उत्तरपत्रिका तरी कशा तपासता? मागच्या बाकांवर पुन्हा चिवडा फिरेल. धर्मपाल पुन्हा पेपरात जाईल. आणि ज्यांच्या नुसत्या बाकाखाली चिठ्ठी होती ते एखाद-दोघं. त्यांचं काय केलं मी? हा प्रश्न तिनं आजवर स्वतःला पुरता विचारलाच नव्हता. वर्षभर तिनं हे डोळे एखाद्या मोठ्या माणसाच्या ओळखीसारखे वापरले होते: आपल्याला काही करावं लागत नाही, त्याचं नाव घेतलं की दारं उघडतात. तो आपल्या नावावर बाहेर काय करून येतो ते विचारायचं नसतं. बाबा म्हणाले होते नजर खाली घालू नकोस. तिनं घातली नव्हती हे खरं. घालता येत नव्हती म्हणून घातली नव्हती, यात बाबांचं काय आणि तिचं काय? समोरची मुलगी मात्र मान खाली घालून, चपलेकडं बघत उभी होती. ती मान साधना चांगली ओळखत होती. तिला राग आला, दुसऱ्या कोणाचा नाही, स्वतःचाच, आणि तो इतका स्वच्छ राग होता की भीतीला उभं राहायला जागाच उरली नाही.

"रामराव, तिचा पेपर द्या," ती म्हणाली.

"दया कराले आलो का आपन, मॅडम?"

"दया नाही. मी तिला पाहिलं नाही. मला दिसतच नाही."

रामराव हसले. "तुमाले दिसत नाई? तुमाले?"

"मला दोन दिसतात. वर्ष होऊन गेलं. थायरॉईडचा आजार आहे, त्यानं डोळे असे झालेत. ते कुठं वळलेत हे तुम्हाला दिसतं, मला त्यातनं काय दिसतं ते तुम्हाला दिसत नाही. या क्षणी तुम्ही दोघं आहात, आणि दोघांच्याही हातात चिठ्ठी आहे." रामरावांच्या चेहऱ्यांवर अजून विश्वास नव्हता, बाईला पोरीची कणव आली, असंच त्यांना वाटत होतं. "आणा ती चिठ्ठी इकडं," साधना म्हणाली. त्यांनी हात पुढं केला. तिनंही केला, ठामपणे, नेहमीच्या रुबाबात, आणि मूठ मिटली. मुठीत वारा होता. चिठ्ठी वीतभर बाजूला रामरावांच्या बोटांत तशीच होती. तिनं पुन्हा हात घातला, पुन्हा वारा. मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी एक. मग वर्गच हसला, दाबून दाबून, आणि वर्षभरानं साधनाच्या समोर पोरं हसली. ती वाट बघत राहिली की आता आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल. झालं नाही. उलट छातीवरचा दगड कोणीतरी उचलून खाली ठेवल्यासारखं वाटलं, आणि तिला स्वतःलाच हसू आलं.

"हसा, हसा. मग लिहा," ती म्हणाली. "आणि रामराव, ही झेरॉक्स आहे, अक्षर कोणाचं ते यात कळत नाही. आपण दारात आलो की अशा दहा पडतात आणि कोणाच्याही पायाशी जातात, तुम्हीच सांगता ना? ही कोणाची ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून तुमच्याकडं फक्त माझी नजर होती. ती मी परत घेते. लिहून देते, सही करते, वर कळवायचं तर कळवा. मागच्या केसेसमध्ये जिथं फक्त बाकाखाली सापडलं होतं, त्याही पुन्हा बघायला लागतील. तेही मीच लिहून देणार आहे."

रामरावांनी हातातल्या चिठ्ठीकडं बघितलं. मिशीवरून हात फिरवला, चिठ्ठी उलटसुलट केली. चिडके होते, पण खोटे नव्हते. "मॅडम," ते शेवटी म्हणाले, "हे आधी सांगाचं ना मले."

"सांगायचं होतं. चुकलं माझं."

"मी तं गावोगाव सांगत फिरलो, बाईची नजर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. उत्तरपत्रिका दामिनीच्या बाकावर ठेवली, जरा आदळूनच, आणि खुशालरावांना म्हणाले, "हिचा जेवढा टाइम गेला तेवढा वाढवून द्या. मी लिहून देतो." ते दोघं आणि वर्गावरचा पर्यवेक्षक कागदपत्रांसाठी कार्यालयात गेले. जाताना खुशालराव साधनाला म्हणाले, "मॅडम, तवरोक वर्गावर तुमीच थांबा." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन ते चपापले. "थांबते की," साधना म्हणाली. "मला तर सगळे डबल दिसतात, दुप्पट लक्ष राहील."

वर्ग पुन्हा हसला, आणि आपणहून शांत झाला. पेनं चालू लागली. साधना टेबलाशी उभी राहिली, आणि वर्षभरात पहिल्यांदाच तिनं चारचौघांत डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. जग एक झालं. एक खिडकी, एक फळा, तिसऱ्या बाकावर एकच मुलगी: सावळी, किडकिडीत, वेणीची रिबन सुटलेली, ओठ दाताखाली धरून झपाट्यानं लिहिणारी. पोरगी खरंच हुशार दिसत होती. तिनं आकृती काढताना पट्टी ज्या तऱ्हेनं टेकवली, त्यावरून गणिताच्या बाईला ते कळतं. फोन करून मायाला सांगायचं, साधनाच्या मनात आलं, तारीख घे म्हणावं, जी मिळेल ती, मार्चची असली तरी चालेल. पापण्या खाली आल्यावर काय व्हायचं ते होईल. तेव्हा नजर वर ठेवायची तर आपली आपणच ठेवावी लागेल, आणि तेवढं तिला आता जमण्यासारखं वाटत होतं.

"मॅडम, पुरवणी," आवाज आला. दामिनी उभी होती. मुख्य उत्तरपत्रिका भरली होती, तिला आणखी पानं हवी होती. साधनानं डोळ्यावरचा हात काढला, टेबलावरून पुरवणीचे कोरे कागद दोन्ही हातांनी उचलले आणि बाकांच्या रांगेतून पुढं गेली. पुन्हा दोन वेण्या, दोन चेहरे, दोन पसरलेले हात. त्यातल्या एका हातात तिनं कागद ठेवायला नेला. चुकीचाच हात निवडला हे तिला लगेच कळलं, कारण कागदाखाली कोणी नव्हतं. दामिनीनं या वेळी मान वर केली होती. ती सरळ साधनाच्या डोळ्यांत बघत होती, त्या टपोऱ्या, उघड्या डोळ्यांत, जराही न घाबरता. "इकडं, मॅडम," ती हळूच म्हणाली, दुसऱ्या हातानं साधनाचं मनगट धरून जरासं उजवीकडं आणलं, पुरवणी घेतली, आणि खाली बसून लिहायला लागली.